एक दिवस पुण्यात, कामाशिवाय

पुण्याला कधी गेला नाही असा शेतकरी आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. कोणी मार्केट यार्डात माल घेऊन जातो, कोणी जमिनीच्या दाव्याच्या तारखेला जातो, कोणी आजारी माणसाला ससूनमध्ये दाखवायला, तर कोणी मुलाच्या कॉलेजप्रवेशासाठी. पहाटेची एसटी धरायची, काम उरकायचे, मिळेल तेथे वडापाव खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे. अशा वीस-पंचवीस खेपा झालेल्या माणसाला विचारा, "पुण्यात काय पाहिलेत?" तो सांगतो, "स्वारगेट पाहिले." त्याच्या घरातल्या बाईला विचारा. ती सांगते, "दवाखाना पाहिला."

वाचकहो, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. विस्तार खात्याच्या नोकरीत शेतकऱ्यांच्या सहली घेऊन मी पुण्याला अनेकदा गेलो आहे. मंडळी पुणे पाहत का नाहीत, याची दोन कारणे मला त्यातून दिसली. पहिले कारण खर्चाचे. शहरात पाऊल टाकले की खिसा रिकामा होतो, अशी सर्वांची समजूत आहे. दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. हे शहर शिकल्या-सवरलेल्यांचे, पैसेवाल्यांचे. तेथे आपले काय, असा संकोच मनात असतो. हे दोन्ही समज खरे नाहीत. पुणे माफक पैशात पाहता येते, आणि जे पाहायचे त्यातले पुष्कळसे तुमच्याआमच्या शेतीशी, पाण्याशी आणि घराशी नाते सांगणारे आहे. ते कसे पाहावे, एवढेच आज सांगणार आहे.

वारकऱ्याचा धडा

कमी खर्चात पुण्याला जाणारा सर्वांत जुना प्रवासी म्हणजे आपला वारकरी. दर वर्षी आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. लाखो माणसे पायी येतात. पाठीवर पथारी, हातात तांब्या, पिशवीत एक जादा धोतर किंवा लुगडे, एवढेच त्यांचे सामान. या माणसाला शहराची भीती वाटत नाही. शहरच त्याला जेवू घालते, त्याचे पाय दाबते.

वारकऱ्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात. सामान थोडे घ्यावे, पायी चालायची तयारी ठेवावी आणि चौघांच्या सोबतीने जावे. जुन्या पुण्याच्या पेठा एकमेकींना इतक्या लागून आहेत की अर्धे पुणे पायीच पाहून होते. मात्र पालखीचे दिवस आणि गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस शहर पाहायला सोयीचे नाहीत. गर्दीत म्हातारी माणसे आणि मुले सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. सुगी उरकल्यावर, पौष-माघात जावे. हवा थंड असते आणि हातात दोन पैसेही असतात.

जायचे कसे, फिरायचे कसे

एसटीच्या सवलती घरात सर्वांना माहीत असाव्यात. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धे भाडे आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांना अर्धे, तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२पासून पूर्ण मोफत प्रवास आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. म्हणजे बाईला आणि आजीला घरी ठेवून वाचणारा पैसा आता फार राहिलेला नाही. "तिकिटाला पैसे नाहीत" ही सबब कारभाऱ्यांनी आता पुढे करू नये.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूच्या गाड्या बहुतेक स्वारगेटला येतात. नाशिक, नगर, मराठवाडा या बाजूच्या गाड्यांचे शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या बांधकामामुळे २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले गेले. काही गाड्या पुणे स्टेशनजवळच्या स्थानकावर येतात. आपण कोठे उतरणार आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता व कोठून, हे वाहकाला विचारून कागदावर लिहून ठेवावे.

शहरात फिरायला दोन स्वस्त साधने आहेत. एक म्हणजे पीएमपीची बस. तिचा दिवसाचा पास मिळतो. जून २०२५मध्ये दर वाढले तेव्हा तो पुणे व पिंपरी-चिंचवडच्या हद्दीसाठी ७० रुपयांचा झाला. एकदा पास घेतला की दिवसभर कितीही बसा-उतरा. दुसरे साधन मेट्रो. ती मार्च २०२२मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४मध्ये जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली. तिचे तिकीट १० रुपयांपासून आहे. मेट्रोच्या स्थानकात स्वच्छतागृह असते, ही बायकांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. सरकत्या जिन्याची धास्ती वाटत असेल तर उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, असते. तेथल्या माणसाला विचारायला लाजू नये.

रिक्षा अगदी गरजेपुरती करावी. मीटर टाकायला आधी सांगावे आणि तीनच माणसे बसावीत.

सकाळ : मंडई आणि एक शाळा

समजा, तुम्ही सकाळी नऊच्या सुमारास स्वारगेटला उतरलात. तेथून मेट्रोने पहिलेच स्थानक मंडई. जमिनीखालून वर आलात की समोर दगडी, मनोऱ्याची जुनी मंडई दिसते. ही इमारत १८८६ सालची. तेव्हाच्या गव्हर्नराच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. आज तिचे नाव महात्मा फुले मंडई. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे नाव मात्र त्यांचेच लागले.

मंडईत भाजी घ्यायला नव्हे, भाव पाहायला फिरा. जी मेथी तुम्ही शेतावर ज्या भावाने दिली, ती येथे जुडीला कितीने जाते ते पाहा. सोबत शाळेत जाणारी मुले असतील तर त्यांना वहीत लिहायला सांगा. शेतापासून या गाळ्यापर्यंत माल किती हातांतून येतो आणि प्रत्येक हाताला काय राहते, हा हिशेब मुलांना पुस्तकात मिळायचा नाही.

मंडईपासून चालत पाच-सात मिनिटांवर बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा आहे. येथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. जुना वाडा पार मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३मध्ये तो पाडून तेथे स्मारक उभारण्याचे काम हाती घेतले गेले. पाहण्यासारखी इमारत नसली तरी तुमच्या मुलीला घेऊन त्या जागेपुढे दोन मिनिटे उभे राहा. आज ती बारावीला आहे किंवा नर्सिंगला जायचे म्हणते, त्याची वाट येथून निघाली आहे.

शेजारीच तुळशीबाग. पेशवाईतले रामाचे मंदिर मध्ये आणि भोवती बायकांच्या जिनसांची दुकाने. बांगड्या, पोळपाट, देवघरातली भांडी, लहान मुलांची खेळणी, सारे येथे मिळते. घरातल्या बाईला या ठिकाणी एक तास मोकळा द्यावा, आणि कारभाऱ्यांनी "चला, चला" करू नये. किती पैसे खर्चायचे ते घरूनच ठरवून त्यांच्या हातात द्यावेत.

आपल्या माळ्यावरचे संग्रहालय

तुळशीबागेजवळच बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ते सकाळी दहाला उघडते. तिकीट आहे, पण पुण्यात एकाच ठिकाणी तिकीट काढायचे झाले तर ते येथे काढा, असे मी आग्रहाने सांगेन.

दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याचे व्यापारी आणि कवी. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभे केले. गावोगाव हिंडून त्यांनी वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि १९७५ साली हा सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहायला मिळतील, अशा समजुतीने माणसे येथे येतात. शस्त्रे आहेतही. पण खरा ठेवा आहे तो घरगुती वस्तूंचा. नाना आकारांचे अडकित्ते, दिवे, समया, कुलपे, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे आणि वाद्ये. ज्या हातांनी या वस्तू घडवल्या त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ते तुमच्याआमच्या गावचे सुतार, तांबट, लोहार होते.

एका सहलीत साठी ओलांडलेल्या एक आजी येथे एका कपाटापुढे थांबल्या त्या हलेचनात. म्हणाल्या, "साहेब, असला पितळी दिवा आमच्या माळ्यावर पडलाय. औंदा भंगारवाल्याला द्यायचा होता." मी म्हटले, "मग आता?" त्या म्हणाल्या, "आता चिंचेनं घासते आन् देवापुढं लावते." ही सहल पदरात काय टाकते, असे कोणी विचारले तर मी ही हकीकत सांगतो.

फुले वाडा

दुपारची शिदोरी खाऊन झाली की गंज पेठेत जावे. या पेठेचे आजचे नाव महात्मा फुले पेठ. अंतर पायी वीस-पंचवीस मिनिटांचे. म्हातारे माणूस सोबत असेल तर त्याच्यासाठी रिक्षा करा. येथे जोतीराव आणि सावित्रीबाई यांचे राहते घर जपून ठेवले आहे. साधे, कौलारू, बसके घर. अंगणात तुळशीवृंदावनाजवळ जोतीरावांची समाधी आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. पाण्याची किंमत शेतकऱ्याला सांगायला नको. ज्याला पाणी नाकारलेले असते त्याला ते आपल्या दारात भरू द्यायचे, याला केवढी छाती लागली असेल, याचा विचार त्या अंगणात उभे राहून करावा.

'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक जोतीरावांनी १८८३ साली लिहून पुरे केले. कर्ज, कोर्टकचेऱ्या, नजर चुकवणारे कारकून, शेतकऱ्याचे अज्ञान, हे सारे त्यात आहे. जनावरांचे खत, बांधबंदिस्ती, तळी व धरणे यांविषयी सरकारने काय करावे, हेही त्यात आहे. त्यांनी नुसती तक्रार केली नाही, उपायही सांगितले. ते स्वतः फुलमाळ्याच्या घरातले होते आणि त्यांनी शेतीही केली होती.

त्यांची एक हकीकत तर प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावी. १८८८ साली इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. शहरातली बडी माणसे भारी पोशाख घालून आली होती. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. आणि राजपुत्राला त्यांनी स्पष्ट सांगितले की, या नटलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानची कल्पना करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे. शहरात जाताना आपल्या धोतराची, नऊवारीची किंवा बोलीची लाज वाटू लागली की ही गोष्ट आठवावी.

नांगराने वसलेले गाव

तेथून कसब्याकडे या. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. एवढ्या मोठ्या शहरालाही आपल्या गावासारखे ग्रामदैवत आहे, याचे मुलांना नवल वाटेल. जवळच लाल महाल आहे. शिवाजी महाराजांचे बालपण जेथे गेले तो मूळ वाडा आज नाही. त्याच्या आठवणीसाठी महापालिकेने अलीकडच्या काळात बांधलेली ही इमारत आहे.

आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता, अशी हकीकत सांगतात. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी येथे राहायला आले, तेव्हा सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ही जमीन पुन्हा वहितीला आणली, असे परंपरा सांगते. भ्यालेली रयत परत आली, पेरण्या झाल्या आणि गाव वसले. आज जेथे पाय ठेवायला जागा नाही, त्या शहराची सुरुवात नांगराच्या तासातून झाली आहे. शेतकऱ्याने येथे परके वाटून घ्यायचे कारण नाही.

शनिवारवाडा दोन पावलांवर आहे. १७३० साली पायाभरणी आणि १७३२ साली वास्तुशांत. १८२८ साली मोठी आग लागून आतला वाडा जळाला. आत महाल असेल अशा अपेक्षेने जाऊ नका. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्याचे हौद एवढेच राहिले आहे. तिकीट थोडके आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. येथे पाणी कसे आणले होते, हे मुलांना जरूर सांगा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या बंद नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरात पाणी आणले. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले. ना पंप, ना वीज. पेठांमध्ये त्या पाण्याचे हौद होते. ठिबकच्या नळीत हवा धरली की पाणी अडते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला त्या कारागिरांची हुशारी लगेच कळेल.

तिसरा प्रहर : आगाखान पॅलेस

शनिवारवाड्याजवळ कसबा पेठ हे मेट्रोचे स्थानक आहे. तेथून जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून गाडी बदलायची. कोर्टाच्या तारखेला तुम्ही याच भागात येता, पण जमिनीच्या पोटात केवढे खोल स्थानक आहे ते पाहून मुले हरखून जातील. तेथून रामवाडीकडे जाणारी गाडी धरून कल्याणीनगरला उतरावे. आगाखान पॅलेस तेथून जवळ आहे. तो संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतो, म्हणून चारपर्यंत पोहोचावे.

पांढऱ्या कमानींचा हा मोठा वाडा सुलतान महंमद शाह आगाखान यांनी १८९२ साली बांधला. दुष्काळाने पोळलेल्या आसपासच्या गावांतल्या लोकांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे आपण ज्याला दुष्काळी काम म्हणतो, त्यातलेच हे एक. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली, नालाबांधावर पाट्या वाहिलेली माणसे तुमच्या घरात असतील. त्यांना हा वाडा दाखवा आणि सांगा, उपाशी माणसांच्या हातांनी हे उभे राहिले आहे.

ऑगस्ट १९४२मध्ये इंग्रजांनी महात्मा गांधींना येथे कैदेत ठेवले. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट १९४२ रोजी येथे वारले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कैदेतच गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. १९६९ साली ही वास्तू देशाच्या स्वाधीन करण्यात आली. समाधीपुढची शांतता दिवसभराच्या गडबडीनंतर मनाला बरी वाटते. आजी-आजोबांना येथे झाडाखाली बसू द्यावे, मुलांना हिंडू द्यावे. मग मेट्रोने परत स्वारगेट.

दुसरा दिवस मिळाला तर

मुक्काम करायची सोय असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वती चढावी. शंभराच्या वर पायऱ्या आहेत, पण रुंद आणि सोप्या. वरून सारे शहर दिसते. पायथ्याजवळून मुठा उजवा कालवा जातो. तो नीट पाहून घ्यावा. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बांधले, ते दुष्काळी जमीन भिजवायला आणि पुण्याला पाणी द्यायला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि शहराची दैना झाली. नंतर दोन्ही पुन्हा बांधली. आज त्याच साखळीतल्या धरणांवर हे शहर पाणी पिते आणि त्याच कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेते भिजतात. आवर्तन लांबले की आपण ओरडतो आणि नळ आटला की शहर ओरडते. दोघांचे पाणी एकाच तळ्यातले आहे, हे पर्वतीवरून जसे कळते तसे सभेत कळत नाही.

उतरून सारसबागेत जेवावे. नंतर बसने शिवाजीनगरला यावे. तेथे कृषी महाविद्यालय आहे. १९०७ साली ते स्वतंत्र कॉलेज म्हणून उभे राहिले आणि आज राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. दहावी-बारावीची मुले असतील तर त्यांना फाटकातून आत न्या आणि प्रवेशाची चौकशी त्यांनाच करू द्या. या कॉलेजचे पहिले प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा बारकाईने अभ्यास करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या गावात १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखवले. तुकडे पडत गेलेल्या त्या जमिनीवर आज उंच इमारती उभ्या आहेत. तुमच्या सातबारावर किती नावे चढली आहेत, याची आठवण तेथे झाल्यावाचून राहत नाही.

याच भागात हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. १९२८ साली हे कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. शेतीसाठी हवामानाचा अभ्यास करणारा विभाग येथे १९३२ साली सुरू झाला. रेडिओवर आणि मोबाइलवर येणारा पावसाचा अंदाज कोठे शिजतो, ते ठिकाण बाहेरून तरी पाहून घ्यावे. जवळच जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचे लेणे आहे. एका अखंड खडकात कोरलेले, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचे. तेथे तिकीट नाही.

शिदोरी आणि मुक्काम

जेवणाचा खर्च शिदोरीने निम्मा होतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा आणि गूळ, एवढे एक दिवस आरामात टिकते. दुपारी सावली पाहून बसावे आणि कागद-पाने तेथे टाकू नयेत. संध्याकाळी मात्र मुलांना बाहेर काहीतरी खाऊ द्यावे. अमृततुल्यातला चहा, एखादी मिसळ, घरी न्यायला पावशेर बाकरवडी. सहलीत मुलांना काहीच मिळाले नाही, असे होऊ नये.

मुक्कामाला नातेवाईक असतील तर एक रात्र राहावे, दोन नको. शहरात दोन खोल्यांत चार माणसे राहतात, त्यांना सकाळी नळाची आणि नोकरीची घाई असते. आधी कळवल्याशिवाय जाऊ नये आणि रिकाम्या हातानेही जाऊ नये. पायलीभर ज्वारी, घरचे तूप, शेतातली भाजी नेली तर त्यांना दुकानातल्या मिठाईपेक्षा अधिक आनंद होतो. नातेवाईक नसतील तर देवस्थानांच्या आणि निरनिराळ्या समाजांच्या धर्मशाळा आहेत. गावातल्या जाणत्या माणसाकडून पत्ता घेऊन आधी फोन करावा. स्थानकाबाहेर "स्वस्तात खोली देतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. लहान मुलाच्या खिशात घरचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ते सकाळीच ठरवावे.

हिशेब

आता वहीत मांडून पाहा. एसटीचे भाडे तुमच्या गावाप्रमाणे. त्यात बाईचे अर्धे, आजीचे अर्धे किंवा काहीच नाही. वर सांगितलेल्या मार्गाने मेट्रोच्या तीन खेपांना माणशी शंभराची नोट पुरते. केळकर संग्रहालय, शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस एवढ्याच ठिकाणी तिकीट. जेवण घरचे, चहा-फराळ बाहेरचा. तुळशीबागेचे पैसे वेगळे बांधून ठेवलेले. एका फवारणीच्या औषधाला आपण जेवढे पैसे मागेपुढे न पाहता मोजतो, तेवढ्यात चार माणसांचे पुणे पाहून होते.

माल घेऊन मार्केट यार्डात जाणाऱ्यांनी तर वेगळी खेपही करायला नको. पहाटेच्या लिलावाला मुलाला किंवा मुलीला शेजारी उभे करा. जुलै २०१६पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असा नियम आहे. पट्टी हातात आल्यावर ती त्यांनाच वाचायला लावा. सकाळी नऊला तुम्ही मोकळे होता. टेम्पो पुढे जाऊ द्या आणि तुम्ही संध्याकाळच्या एसटीने या.

जनावरांचे काय, धारा कोण काढणार, हा प्रश्न तुम्ही विचारणार, हे मला ठाऊक आहे. त्याला उत्तर शेजारी हेच. या वेळी त्यांनी तुमची गुरे पाहावीत, पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांची पाहा. लग्नाला, मयताला आपण हे करतोच. मग घरातल्या बाईला एक दिवस जग दाखवण्यासाठी का करू नये? तिने आजवर पुणे पाहिले ते कोणाच्या तरी खाटेशेजारी बसून. पुढच्या वेळी तारखेला किंवा बाजाराला निघाल तेव्हा एक तिकीट जादा काढा. ते अर्ध्याच भाड्याचे आहे.